रेषेबाहेरचा ठिपका

आमच्या भोसरीच्या गल्लीत पीएचडी करणारी एकच, सोपानरावांची स्वरूपा. बायका तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणून चिडवायच्या, तापाची गोळी मागायच्या. ती हसून म्हणायची, “अहो, मी माणसांची नाही, यंत्रांची डॉक्टर!” पुढे ते तिनं खरं करून दाखवलं.

एक मशीन थांबलं की त्यावर अवलंबून असलेलं कुठं कुठं किती खोळंबतं, हा तिचा विषय. डेटा चाकणच्या एका कंपनीनं दिला. सोपानराव त्याच कंपनीत प्रेसवर पत्रा ठोकायचे. लातूरकडून आल्यापासून तेच काम.

स्क्रीनवर मशीनचं प्रत्येक थांबणं म्हणजे एक ठिपका. सगळे शहाण्यासारखे तिच्या मॉडेलच्या रेषेजवळ, एकच पार वर जाऊन बसलेला. वडिलांचीच प्रेस, पूर्ण शिफ्ट बंद. तिनं घरी विचारलं.

“त्या दिशी माझ्या जोडीच्या नागसेनची बोटं गेली,” सोपानराव म्हणाले. “मंग त्यांनी सेन्सर बसवला. हात आत गेला की प्रेस जागीच थांबती.”

गाईडना त्याचं काय! “एका ठिपक्यानं सगळं मॉडेल बिघडतंय. अपवाद आहे, काढून टाक. नाहीतर नवा डेटा गोळा कर आणि डिग्री विसर.” स्वरूपाची फेलोशिप संपलेली, तिशी उलटलेली. ती घरी येऊन रडली. आमची भिंत एकच, सगळं ऐकू येतं.

समजूत सोपानरावांनीच घातली. “टाक की काढून. नागसेनलाबी कंपनीनं असंच काढलं. कुनाचं काय अडलं?”

ठिपका गेला, रेषा गुळगुळीत झाली. आता सेन्सरच्या आधी प्रेस क्वचितच थांबलेली दिसे आणि सेन्सर लागल्यावर ऊठसूट. नुसती बाही आत गेली तरी बंद. नागसेनच वगळला, मग सेन्सर कशासाठी हे आकड्यांना कोण सांगणार? प्रबंधात निष्कर्ष आला, खोळंब्याचं मूळ सेन्सर. शिवाय एक सूचना, बदली माणूस शेजारीच तयार ठेवा. परीक्षकांनी पाठ थोपटली, गल्लीत पेढे वाटले, कंपनीनं सेन्सर बंद केला.

आणि सोपानरावांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

लोक म्हणतात, पोरीचा काय दोष, गाईडनं सांगितलं ते तिनं केलं. मला नाही पटत. नागसेन तिला माहीत होता. मला तिचा राग आहे, आणि सोपानरावांना दवाखान्यात बघून आल्यापासून तिच्याकडे बघवतही नाही.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर सोपानरावांनी हाताकडे पाहिलंच नाही. लेकीला जवळ बोलावून हळूच विचारलं, “यावरनं तुझी डिग्री तर न्हाई ना काढून घेनार?”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गाईड खुशीत होते. “स्वरूपा, नवा डेटा पाहिलास? ती प्रेस या वेळी किती लवकर सुरू झाली! बदली माणूस शेजारीच होता म्हणे. तुझं मॉडेल तंतोतंत बरोबर निघालं.”

तिनं लॅपटॉप उघडला. वडिलांचा ठिपका बरोबर रेषेवर पडला होता. काढायची गरजच नव्हती.