दाराला लावलेला लाल चिमटा

माझी मावशी उंदरांची बाळंतपणं करायची. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, खरंच? अगदी खरं. नवी औषधं माणसाला देण्याआधी जनावरांवर तपासून बघणारी एक संस्था होती, आणि तिच्या तळघरात पांढऱ्या उंदरांची पैदास करायची खोली होती. मावशी त्या खोलीत कामाला लागली तेव्हा मी फ्रॉक घालत होते, आणि ती निवृत्त झाली तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. आम्ही मुलं तिला उंदीरमावशी म्हणायचो. तिला त्याचा कधी राग आला नाही. कुणाच्या घरी मांजर दिसलं की ती गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "मला इथं बसता यायचं नाही, माझ्या पोटावर पाय येतो."

खोली मी लहानपणी एकदा पाहिली आहे. भिंतींना लागून लोखंडी मांडण्या, त्यांवर प्लास्टिकचे आरपार दिसणारे पिंजरे, प्रत्येकात लाकडाचा भुसा, कागदाच्या पट्ट्या आणि जाळीत उलटी खोचलेली पाण्याची बाटली. कोपऱ्यात एक रेडिओ दिवसभर हळू आवाजात चालू असायचा, म्हणजे बाहेर कुणाच्या हातून बादली पडली तरी उंदीर दचकायचे नाहीत. वास बदलला की ते बिथरतात म्हणून मावशी वासाचा साबण लावत नसे, अत्तर तर लांबच राहिलं. पिंजरा बदलताना जुन्या घरट्याचा मूठभर भुसा ती नव्या पिंजऱ्यात टाकायची. "घर बदललं तरी घराचा वास पाहिजे ना," असं म्हणायची.

पोटुशा माद्यांना ती बाळंतिणी म्हणायची. संध्याकाळी घरी येऊन चपला काढता काढता सांगायची, "आज तिघी मोकळ्या झाल्या, सगळं सुखरूप." नवा पाहुणा असेल तर तो बिचारा अभिनंदन करायचा. पिल्लं बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली. त्या दिवसांत आई घाबरली तर स्वतःच्याच पिल्लांना खाऊन टाकते. म्हणून पिल्लं झाली की मावशी त्या पिंजऱ्याला कपडे वाळत घालायचा लाल चिमटा लावायची. लाल चिमटा असला की हात लावायचा नाही, डोकवायचं नाही, दाणापाणी ठेवायचं आणि मान खाली घालून मागे फिरायचं. त्या खोलीचे मुख्य डॉक्टरसुद्धा लाल चिमटा दिसला की दोन पावलं मागे सरकायचे. तिच्या हातची पिल्लं सहसा दगावत नसत, आणि या गोष्टीचा तिला गर्व होता. का नसावा? दुसऱ्या कुठल्या गोष्टीचा गर्व करायला आयुष्यानं तिला फारशी जागा ठेवलीच नव्हती. नवरा लवकर गेला होता. एक मुलगी होती, ती माझ्याहून थोडी मोठी. मी तिला ताई म्हणायचे.

ताईचं लग्न झालं आणि तिच्यामागे सासरचा जाच लागला. मारहाण वगैरे नव्हती. नुसतं बोलणं, सकाळपासून रात्रीपर्यंत. नवरा कामासाठी सतत परगावी, आणि घरात सासू, नणंद आणि त्यांच्या जिभा. ताईला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा टिकलं नाही. सासू म्हणाली, हिच्या पोटालाच खोड आहे. मावशीनं मात्र मनाशी पक्कं ठरवून टाकलं की हे सगळं त्या कटकटीमुळे झालं. "माझ्या खोलीत कुणी असा आरडाओरडा केला असता तर एकही पिल्लू जगलं नसतं," ती माझ्या आईला म्हणाली. तिसऱ्यांदा दिवस गेले तशी ती स्वतः जाऊन मुलीला घरी घेऊन आली. जाताना विहिणीला काय बोलली ते तिनं कधी सांगितलं नाही, पण विहीण पुढे वर्षभर तिचं नाव काढत नव्हती.

या खेपेला सगळं नीट झालं. ताईला दवाखान्यात मुलगी झाली आणि दोघी घरी आल्या. मागची खोली मावशीनं आधीच तयार केली होती. जाड पडदे लावले होते, बिजागऱ्यांना तेल दिलं होतं, दाराची घंटा बंद केली होती. ताईला आत निजवलं, बाळ तिच्या कुशीत दिलं, बाहेर येऊन दार लोटलं आणि कडीला लाल चिमटा लावला.

आम्ही हसलो. मीसुद्धा हसले. आई म्हणाली, "अगं, ती काय उंदीर आहे का?"

"बाळंतीण आहे," मावशी म्हणाली. "थोडे दिवस कुणी त्रास देऊ नका. माझं ऐका."

आम्ही ऐकलं. तिच्याइतकी बाळंतपणं आमच्यापैकी कुणी पाहिली होती? मावशी रजेवर होती. ती पाय न वाजवता आत जायची, ताट ठेवायची, बाळाचे लंगोट बदलायची, ताईकडे रोखून न बघता बाहेर यायची. ताई बहुतेक वेळ पांघरूण घेऊन पडलेली असायची. एकदा म्हणाली, "आई, थंडी वाजतेय." मावशीनं आणखी एक पांघरूण घातलं आणि कुजबुजली, "झोप तू. बोलू नकोस." ताई गुणी मुलगी. बोलली नाही.

माझी आई भेटायला गेली तेव्हा ताट तसंच्या तसं बाहेर आलेलं तिनं पाहिलं. "ही जेवत का नाही? मी जरा अंगाला हात लावून बघते."

"नको गं," मावशी दार अडवून उभी राहिली. "आत्ता डोळा लागलाय. दचकेल."

आई परत आली. मला म्हणाली, तुझ्या मावशीपुढे कुणाचं चालतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ रडायला लागलं आणि थांबेना. मावशी दाराबाहेर उभी होती. पिल्लाची आईच त्याला जवळ घेईल, शांत करेल, मध्ये पडायचं नाही, हे तिच्या हाडात भिनलेलं. ती वाट पाहत राहिली. रडणं बारीक होत गेलं तेव्हा तिनं दार ढकललं. ताई डोळे उघडे ठेवून पडली होती आणि छताकडे बघून काहीतरी असंबद्ध बोलत होती. मावशीनं तिच्या कपाळाला हात लावला. घरी आणल्यापासून पहिल्यांदा. तव्यावर हात पडावा तसं झालं, असं ती पुढे म्हणाली.

बाळंतपणात जंतू शिरले होते आणि रक्तात पसरले होते. दवाखान्यात सगळे धावले, पण उपयोग झाला नाही. तिथली डॉक्टरीण चांगली होती, तिनं ठपका ठेवला नाही. फक्त म्हणाली, "थोडं आधी आणलं असतं तर..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. ते अर्धं वाक्य मावशीनं आयुष्यभर पुरं केलं.

घरी आल्यावर तिनं सगळ्यात आधी सुताराला बोलावलं आणि मागच्या खोलीचं दार काढून घ्यायला सांगितलं. सुतारानं विचारलं, "हे बसवायचं कुठं?"

"कुठंच नाही. घेऊन जा."

जावयानं पुढे दुसरं लग्न केलं. मुलगी मावशीकडेच राहिली. आम्ही तिला पिल्लू म्हणायचो, अजूनही म्हणतो. मावशी कामावर असताना माझी आई तिला सांभाळायची.

त्याच काळात संस्थेनं शेजारी नवी इमारत बांधायला घेतली. पैदाशीच्या खोलीला लागून भिंत फोडायचं काम सुरू झालं. दिवसभर यंत्राची घरघर, मांडण्या थरथरायच्या, बाटल्यांतलं पाणी हलायचं. रेडिओ तर ऐकूच यायचा नाही. डॉक्टरसाहेबांना वाटलं, आता सगळी वेतं वाया जाणार. दुसरी जागा मिळेना. मरू देत, असं मावशीला तेव्हा वाटत होतं. हे तिनं मला स्वतः सांगितलं.

पण पिल्लं जगली. सगळी नाही, काही सुरुवातीला गेली. पण बहुतेक आया तो हादरा अंगवळणी पाडून भुशात घरटी करून बसल्या. त्या फोडायच्या भिंतीला अगदी चिकटलेल्या पिंजऱ्यात एक म्हातारी मादी होती. वय झालं म्हणून तिला काढून टाकायचं ठरलं होतं, तेवढ्यात ती व्याली. भिंतीवर घण पडत होते आणि ती पिल्लांवर आडवी पडून त्यांना पाजत होती. कान टवकारले नाहीत, जागेवरून हलली नाही.

मावशी त्या पिंजऱ्यासमोर उभी राहून रडायला लागली. रागानं रडत होती. "एवढा दणदणाट, आणि हिला काही नाही? हिला काहीच कसं होत नाही?"

डॉक्टरसाहेब जवळ आले. मनानं भला माणूस, पण शिकवायला लागला की समोर कोण आहे ते विसरायचा. म्हणाले, "मावशी, त्रास झाला की जनावर वीण सोडून आधी स्वतःचा जीव वाचवतं. पण सगळीच तसं करत नाहीत. काहींना गोंगाटाची सवय होते. आणि हिच्यासारख्या म्हाताऱ्या तर बऱ्याचदा भीतीच बाजूला ठेवतात. हे शेवटचं वेत. पुढच्या वेळी बघू म्हणायची सोय नसते ना तिला."

"मग गोंगाटानं काही बिघडत नाही?"

"वाटतं तेवढं नाही."

"आणि माणसाची बाळंतीण?"

"तिला काय, शांतता असली-नसली तरी चालतं. जवळ कुणीतरी बसलेलं लागतं," डॉक्टरसाहेब म्हणाले. मग त्यांना आठवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि ते बाहेर गेले. त्यांचा राग मला आजही येतो, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती हेही कळतं.

मावशीनं डोळे पुसले आणि त्या पिंजऱ्याला लाल चिमटा लावला. नोकरी होती, लावावाच लागायचा. घरी मात्र कपडे वाळत घालायला तिनं पुन्हा कधी लाल चिमटा आणला नाही. एकदा मी चुकून रंगीत चिमट्यांचं पाकीट घेऊन गेले, तर त्यातले लाल तेवढे तिनं वेचून माझ्या पिशवीत परत टाकले.

पिल्लू त्या बिनदाराच्या खोलीत वाढली. तिथेच अभ्यास केला, तिथेच मैत्रिणींशी भांडली. तरुणपणी वैतागून म्हणायची, "आजी, जगात एवढी दारं आहेत, मला एक मिळू नये?" मावशी पडदा लावून द्यायची. दार नाही.

पुढे पिल्लूचं लग्न झालं. गेल्या वर्षी तिला दिवस गेले आणि बाळंतपणाला आजीकडेच यायचं म्हणून ती हटून बसली. मावशीच्या घरासमोर तेव्हा उड्डाणपुलाचं काम चालू होतं. खांब ठोकायचं यंत्र सकाळपासून धाडधाड करायचं, कपाटातली भांडी वाजायची. मी म्हटलं, माझ्याकडे पाठव तिला, माझं घर शांत आहे. मावशीची पाठ आता वाकली आहे, पण माझ्याकडे वळून बघितलं ते जुन्याच तोऱ्यात.

"शांततेचं कौतुक मला सांगू नकोस," ती म्हणाली. "गोंगाटात सगळं होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

पिल्लूला मुलगा झाला. दोघं घरी आली त्या दुपारी मी तिथे होते. बाळ झोपलं होतं, बाहेर यंत्र धाडधाड करत होतं, आणि मावशी पलंगाला चिकटून लाकडी स्टुलावर बसली होती. तिचा हात पिल्लूच्या कपाळावर होता. मी चहा करून आणला तरी हात तिथेच होता.

"आजी, मला ताप नाही गं," पिल्लू हसून म्हणाली. "सकाळपासून कितीदा बघशील?"

"माहीत आहे, नाही ते."

"मग झोपू दे ना मला."

"झोप की. मी कुठं नको म्हणते." मावशीनं हात काढला नाही. "हात असू दे. तुझ्या आईच्या कपाळावर ठेवायचा राहिला."

पिल्लूचं हसू थांबलं. तिनं डोळे मिटले आणि आजीच्या हातावर आपला हात ठेवला. मी चहाचे कप उचलून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.