आमचे मेनस्विचवाले सर

चालू मशीन मुद्दाम बंद पाडून स्वतःच घामाघूम होणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. जुन्या जालन्यातल्या आमच्या रक्तपेढीत कंप्युटरचं सगळं तेच बघायचे. दर महिन्याला भर दुपारी बॅटरीची वायर काढायचे, मेनस्विच खाली ओढायचे आणि पांढऱ्याफटक चेहऱ्यानं भिंतीला टेकून उभे राहायचे. आम्ही त्यांना मेनस्विचवाले सर म्हणायचो, अर्थात पाठीमागे.

फ्रीजच्या खोलीशेजारी ही मशीन, म्हणजे आमचा सर्व्हर होता, लिनक्सवर चालणारा. त्यातला एक प्रोग्रॅम रक्ताच्या पिशव्यांची नोंद ठेवायचा, दुसरा फ्रीजच्या तापमानावर नजर ठेवून गरज पडली की भोंगा वाजवायचा. लाइट जाऊन आली की मशीन आपोआप सुरू होई; पण आतल्या प्रोग्रॅमनी सुरू व्हायचं, कुणी आधी, कुणी नंतर, हे तिला सांगून ठेवावं लागतं. "मशीन उठली म्हंजी कामाला लागली असं न्हाई ताई," सर मला सांगायचे. "माणसाचं पन तसंच हाय." हे बोलताना ते आमच्या क्लार्ककडे बघत.

ही भीती त्यांना उगाच नव्हती. भोंग्याचा प्रोग्रॅम नवा होता तेव्हा सरांनी तो हातानं सुरू केला होता. तो इतका छान चालला, की मशीन सुरू होताना त्यालाही सुरू कर, हे सांगायचं राहूनच गेलं. मग उन्हाळ्यातल्या एका रविवारी लाइट गेली, बॅटरी संपली. लाइट परत आल्यावर मशीन उठली, फ्रीजचा मात्र फ्यूज उडाला होता. भोंगा वाजला नाही. संध्याकाळी मी पिशवीला हात लावला तर ती कोमट. सगळं रक्त टाकून द्यावं लागणार होतं, आणि काउंटरवर आष्टीचा एक माणूस उभा होता. त्याची बायको बाळंतपणात अडली होती. संभाजीनगरहून रक्त येईपर्यंत सर त्याच्या शेजारी बाकावर बसून राहिले. बाई वाचली. पण त्या बाकाकडे मला पुढे कितीतरी दिवस बघवत नव्हतं.

त्यानंतर हे मेनस्विचचं सुरू झालं. धडधाकट मशीन कशाला पाडता, असं डॉक्टर एकदा चिडून म्हणाले, तेव्हा सर हळूच म्हणाले, "म्या समोर हाय तवर पडू द्या ना साहेब. म्या नसताना पडली तर?"

मशीन उठताना पडद्यावर ओळीमागून ओळ सरकायची आणि सरांचे ओठ हलायचे. मीही हातातलं काम सोडून बघत उभी राहायचे, खोटं कशाला सांगू. सगळे प्रोग्रॅम सुरू झाले तरच मशीन सरांच्या मोबाइलवर मेसेज पाठवायची. मेसेजचे शब्द सरांनीच लिहून ठेवलेले. आपणच लिहिलेलं वाचून धीर कसा येतो, असं मी चिडवायचे. "येतो ना," म्हणत ते चहा मागवायचे.

गेल्या वर्षी सर हृदयविकारानं गेले. त्यांच्या गावी, पिंपळगाव रेणुकाईला, त्यांना पोचवून आलो, आणि त्याच आठवड्यात दुपारी लाइट गेली. बॅटरीही संपली. लाइट आली, मशीन उठली, ओळी सरकू लागल्या. त्या वाचता येणारं आमच्यात कुणी नव्हतं. मेसेजसाठी दुसरा नंबर टाकायचं कुणाला सुचलं नव्हतं. फ्रीजमध्ये पिशव्या भरलेल्या होत्या, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो बाक आला. मला फार भीती वाटली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सरांच्या पत्नी होत्या.

"ताई, यांचा फोन वाजला आत्ता. मशीनीचा मेसेज हाय."

काय लिहिलंय, मी विचारलं. काकूंनी एकेक शब्द लावून वाचला. "सगळं सुरू झालं. काळजी नको."

मी पडद्याकडे पाहिलं; ओळी थांबल्या होत्या.

"बराबर हाय ना ताई?"

"हो काकू, बराबर आहे," मी म्हणाले, आणि सर टेकायचे त्याच भिंतीला टेकून उभी राहिले.