अढीतला चिकू

वर्गात पोर पेंगलं की सरोजबाई आवाज इतका खाली आणायच्या, की फळ्यावरचा खडूसुद्धा चवड्यांवर चालायचा. बाई आशागडच्या, चिकूवाडीतल्या. म्हणायच्या, "निजलेलं पोर म्हणजे अढीतला चिकू. पेंढ्यात गप पडला तर पिकतो. हाताळलास की नासला."

हाताळायला तलासरीच्या आमच्या वसतिगृहाचे अधीक्षक होतेच. पहाटे चारला अशी घंटा बडवायचे, की डहाणूच्या होड्या भिऊन किनाऱ्याला परत फिरायच्या. आम्हाला अभ्यासाला बसवून स्वतः मात्र उजाडेपर्यंत पुन्हा घोरत. गणिताच्या पेपरात मी उत्तराच्या जागी लाळ सोडून आलो. सहामाहीला सगळ्या विषयांत आपटलो, तेव्हा त्यांनी बजावलं, वार्षिकला असंच झालं तर रानशेतला घरी जायचं, गुरं राखायला.

पोरांना सहापर्यंत निजू द्या, म्हणून बाई त्यांच्याकडे दोनदा गेल्या. दुसऱ्यांदा ते सगळ्यांदेखत हसले. "बाई, झोपून कोणी कलेक्टर झालाय का?"

बाई 'बरं' म्हणाल्या. त्या 'बरं' म्हणाल्या की आम्हाला घाम फुटे. संध्याकाळी म्हणाल्या, "उद्यापासून पहाटेचा अभ्यास मोठ्यानं करायचा. सरांच्या खिडकीखाली. पोरं किती मेहनती आहेत, ते त्यांना कळायला नको?"

साठ गळे आणि एकोणतिसाचा पाढा. कौलं उडून गुजरातेत पडली. अधीक्षक खिडकीत आले की आम्ही नमस्कार करून तिसाचा सुरू करायचो. अभ्यास थांबवा, असं म्हणायची त्यांना सोयच नव्हती. आठवड्यात माणूस वाळून खारा बोंबील झाला. तपासणीला साहेब आले, तेव्हा स्वागताचं भाषण करता करता ते 'स्वा'वरच साहेबांच्या खांद्यावर निजले.

"चारला उठवतात ना पोरांना," बाई गरिबासारख्या म्हणाल्या. "त्यांच्याबरोबर सरांनाही उठावं लागतं."

साहेबांनी जाण्याआधी घंटा सहावर नेली. वार्षिकला मी पास झालो, तेही गणितासकट.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाला म्हातारे अधीक्षक पहिल्या रांगेत बसले होते. माझ्या भाषणात ते मान टाकून घोरू लागले. टेबलावर तीच घंटा होती. इतक्या वर्षांची खाज होती हाताला, मी ती उचलली.

बाईंनी मनगट धरलं. "लक्षा, अढी मोडू नये."

मी घंटा खाली ठेवली. बाई कानाशी लागल्या.

"फोटो काढ."