आमच्या अंगणाची हजामत

आत्याचा नवस शेळीनं मोडला नव्हता. मी मोडला होता. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

ठाण्याच्या कचेरीत मी तेव्हा नवा कारकून. एकदा कागद घेऊन साहेबाच्या बंगल्यावर गेलो आणि तिथली हिरवळ पाहून खुळावलो. काय ते गवत! मखमल अंथरावी तसं, एकसारखं कापलेलं! आमच्या अंगणातही हरळी होती, पण सुतकातल्या दाढीसारखी वाढलेली. म्हटलं, आपणही करू! (पगार साहेबाचा नाही, निदान अंगण तरी.)

अडचण एकच. ती हरळी म्हणजे आत्याच्या दूर्वा. आदल्या वर्षी मी तापानं फणफणलो, वैद्यानं हात टेकले, तेव्हा आत्यानं गणपतीला लाख दूर्वा बोलल्या. आणि शेजारच्या यमुनाकाकूंनी आपल्या शेळीचं दूध पळीपळीनं पाजून मला उठवलं. आता चातुर्मासात दोघी मैत्रिणी रोज सकाळी अंगणात बसून कोवळे, तीन पानांचे शेंडे खुडत.

एका दुपारी दोघी कीर्तनाला गेल्या. मी विळा काढला आणि गुडघ्यांवर रांगत अख्खं अंगण भादरलं! शेंडा म्हणून एक ठेवला नाही. साहेबाकडे दगडी रूळ होता, म्हणून मी स्वयंपाकघरातला वरवंटा फिरवला. कापलेलं गवत वाया कशाला, म्हणून कुंपणावरून शेळीपुढं टाकलं. (उपकारांची फेड!)

आत्या दारातच थबकली.

"अगो बाई! माझ्या दूर्वा कुणी खाल्ल्या?"

'खाल्ल्या' म्हणाली ती! मी फक्त कुंपणाकडे पाहिलं. शेळी तोंडभर दूर्वा चघळत होती.

"यमुने, तुझ्या शेळीनं माझा नवस खाल्ला गं!"

"काहीतरीच! माझी शेळी काय दोरी धरून चरते? बघ, कसं सारखं कापलंय!"

"मग तिच्या तोंडात काय आहे? विडा?"

काकू माझ्याकडे वळल्या. "बाळू, तू घरीच होतास ना रे? सांग बरं हिला."

"माझा... डोळा लागला होता, काकू." (वरवंटा पाठीमागे धरला होता.)

शेळीची रवानगी कळव्याला, काकूंच्या भावाकडे झाली. आत्यानं उरलेल्या दूर्वा तळ्याकाठी, दुखरी कंबर धरून, एकटीनं वेचल्या. मोडलेला नवस असा पुरा झाला. यमुनाकाकूंशी मात्र ती मरेपर्यंत बोलली नाही. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा कुंपणापाशी येऊन परत गेला. अंगण पुन्हा वाढलं. मी विळ्याला हात लावला नाही.

परवा मला खोकला झाला, तर काकूंनी दूध पाठवलं. नव्या शेळीचं! तांब्या परत द्यायला मीच गेलो.

"काकू, त्या दुपारी..."

"काय रे?"

"काही नाही. दूध छान होतं."

दूर्वा मी कापल्या, एवढं एक वाक्य मी काकूंना अजून देणं लागतो. दूध मात्र सगळं प्यायलो.