बायजीची वरची मूठ

चिंचणीची बायजी वीस वर्षं तलासरीच्या आठवडी बाजारात सुकी मासळी विकत होती, पण वरची मूठ तिनं कुणाला म्हणून दिली नाही. जवळ्याचं, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीचं, माप भरलं की गिऱ्हाईक "वर घाल गं" म्हणणार, हा बाजाराचा रिवाजच. बायजी तेव्हा जवळ्याऐवजी एखाद्या जनावराची थट्टा घाली. "खेकडा पोरगी बघायला गेला. पोरीचा बाप म्हणाला, पोरगा बरा हाय, पण चाल सरळ नाय!" गिऱ्हाईक हसत निघून जाई आणि मूठभर जवळा टोपलीतच राही. बाई चिकट होती, यात शंका नाही. पण तिच्यावर कधी कुणी रागावलं नाही, हेही खरं.

सगळ्यांत मोठ्यानं हसायची ती पाड्यावरची रखमी. मजुरीवर जाणारी, बायजीच्याच वयाची. हसता हसता टोपलीशेजारीच बसकण मारायची. बायजी सकाळपासून तिची वाट बघे.

२०१७च्या उन्हाळ्यात ही रखमी हसायची बंद झाली. थट्टा ऐकायची, ओठ घट्ट मिटायची आणि काहीतरी पुटपुटत तरातरा निघून जायची. एक बाजार, दोन बाजार, तीन. बायजीला काही उमजेना. घरोघरी मोबाइल आले, त्यात फुकटचे विनोद येतात, म्हणून आपले शिळे झाले? पण रखमीकडे कुठला मोबाइल! की तिच्या मुलीचं लग्न जमत नाही आणि आपण नेमकं खेकड्याचं स्थळ काढलं? जीभ चावावी, तर कशासाठी तेही कळेना. मैत्रीण हातची जातेय एवढं मात्र कळत होतं आणि त्यानं बायजीचं जेवणावरचं मन उडालं.

चौथ्या बाजाराला तिनं छातीवर दगड ठेवला. माप भरलं आणि वर चांगला ओंजळभर जवळा घातला. थट्टा केलीच नाही.

रखमी जागची हलेना. तिनं पिशवीत बघितलं, बायजीकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले.

"हे काय? गोष्ट कुठं हाय?"

"तुला आवडत नाय ना आता. हसत नाय तू."

"अगं, हसले तर विसरते मी! घरापर्यंत घोकत न्यावी लागते."

मग उलगडा झाला. रखमीचा नवरा काकड्या चैत्रात ताडावरून पडला होता. कंबर गेली. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडून असायचा, कुणाशी बोलायचा नाही, ताटाला हात लावायचा नाही.

"मग माझ्या गोष्टीनं हसतो?" बायजीनं घाबरत विचारलं.

"हसतो कसला! भांडतो. म्हणतो, खेकड्याची पोरगी पण तशीच चालते, मग बापाला ह्याचीच चाल वाकडी कशी दिसली? दोन दिवस भांडला. भांडायला म्हणून माझ्याकडे तोंड केलं त्यानं. भांडता भांडता जेवला."

हसावं की रडावं, बायजीला कळेना. एरवी तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या बाईला आता एक गोष्ट आठवेल तर शपथ. मागची गिऱ्हाईकं कुरकुरायला लागली. तिनं त्यांना गप्प केलं आणि रखमीचा हात धरला.

"ऐक. बेडूक दुकानात गेला, छत्री मागायला. दुकानदार म्हणाला, तुला रे कशाला छत्री? बेडूक म्हणाला, मला नाय, बायकोनं आत्ताच केस धुतलेत."

रखमीचे गाल फुगले. तिनं पदर तोंडात कोंबला, हसू गिळलं आणि पिशवी उचलली.

"बेडकीला केस!" ती स्वतःशीच म्हणाली. "तीन दिवस तरी जेवेल."