डोळ्याखालचा भोवरा

आमच्या घोडीचं रक्त भीमथडी जातीचं, आज्यापासून चालत आलेलं. उंचीला बेताची, पण खूर काळे, दगडासारखे. नाल न मारता सडकेनं कागलला जाऊन परत यायची. नव्वद सालाच्या पुढं लोक उंच घोड्यांच्या नादी लागले आणि निखळ रक्त आमच्यात आणि कागलच्या एका पावण्याकडंच उरलं. त्याची घोडीही आमच्या वडिलांनीच दिलेली.

मी चौथी नापास, पण घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे वाचायला लोक मलाच बोलवायचे. डोळ्याखाली भोवरा असला तर घोडं मालकाला रडवतं, असं आमच्यात मानतात. पावण्याच्या शिंगराला तो निघाला, तेव्हा मी चारचौघांत बोललो, "विकून टाका. वंशाला लावू नका." पावणा चहा न घेता गेला.

तीन वर्षांनी आमची घोडी मादी शिंगरू देऊन मेली. शिंगराच्या डाव्या डोळ्याखाली तोच भोवरा! भोवरा झाकेल अशी रुंद पट्ट्याची मोरकी शिवून मी त्याच्या तोंडावर चढवली. बायकोसमोरसुद्धा कधी काढली नाही.

शिंगराची घोडी झाली, माजावर आली. भीमथडी घोडा फक्त पावण्याकडं. तिला घेऊन गेलो. त्याच्या दारात पाच-सात माणसं बसलेली.

"मोरकी काढा," पावणा म्हणाला.

"कशाला? खूर बगा की. रक्त बगा."

"तवा मीबी रक्तच बगा म्हणत हुतो. तुमी भोवरा बगितलासा."

 गाठ सुटेना. सुटली तसे सगळे उठून जवळ आले.

"आता सांगा, असल्या जनावराचं काय करायचं? गावाला तुमीच सांगत आलायसा."

विका म्हणावं तर आज्याचं रक्त तिथंच संपणार. ठेवा म्हणावं तर जन्मभराचा माझा शब्द खोटा. घोडी माझ्या खांद्याला तोंड घासत होती.

"चुकलो," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोला की, पावणं. मागच्या गोठ्यात ऐकू गेलं पायजे."

"चुकलो म्हणतोय न्हवं!" मी ओरडलो.

पावणा मागं गेला आणि घोडा घेऊन आला. रुंद छाती, काळे खूर, डोळ्याखाली भोवरा. मी विकायला सांगितलेलं तेच शिंगरू.

अकरा महिन्यांनी घोडी व्याली. बायको कंदील घेऊन वाकली. "तोंड बगा की ह्याचं."

"खूर बगितल्यात," मी म्हटलं. "काळं हायीत."