बिबट्याचे साहेब

नागपूरच्या प्राणीसंग्रहालयात फिरायला गेलो की एक निवृत्त साहेब हमखास भेटतात. नाव मी कधी विचारलं नाही. नोकरी सुटली तरी शर्टाच्या खिशातलं पेन सुटलेलं नाही, एवढी ओळख मला पुरते. हात मागे बांधून ते पिंजऱ्यासमोर उभे राहतात, बिबट्यासाठी लावलेल्या कूलरचा गारवा स्वतः घेतात आणि झोपलेल्या बिबट्यावर खेकसतात, "ऊठ गा! फुकटचं मटन खाऊन राहिला, अन् काम काय? झोपा काढणं! याचा जंगलाले फायदा नाही, समाजाले नाही. काहून ठेवलं याले?"

बिबट्या एक कान हलवतो आणि कूस बदलतो. साहेबांच्या हाताखालचे कारकूनही पूर्वी बहुधा हेच करत असावेत.

परवा मी वैतागून म्हटलं, "साहेब, एवढं वाटतं तर अर्ज करा. सोडतील त्याला जंगलात."

साहेबांनी पेन चाचपलं, बिबट्याकडे काळजीनं पाहिलं आणि मलाच दटावलं, "सोडाचं काहून? घरी माह्यं कोनी ऐकून नाही राहिलं. हा निदान कान तं हलवते!"